खुनी सापडू नये, असे वाचकाला वाटते तेव्हा

रहस्यकादंबरीच्या वाचकाने पोलिसांच्या बाजूने असावे, हा जुना संकेत. अमेरिकी लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी तो मोडला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ या कादंबरीतील टॉम रिप्ली हा कफल्लक तरुण एका धनिकाच्या मुलाला परत आणण्यासाठी इटलीत जातो, नावेत वल्ह्याने त्याचा जीव घेतो आणि त्याचेच नाव, कपडे व पैसा वापरून जगू लागतो. खुनी कोण, हे वाचकासमोर उघड असते. तरीही पोलीस दाराशी आले की वाचकाच्या छातीत धडधडते, आणि तीही रिप्लीसाठी! निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते रिप्लीच्या मनाबाहेर पाऊल टाकत नाही. त्याला दिसते तेवढेच आपल्याला दिसते; त्यामुळे त्याची भीती नकळत आपली होते.

हायस्मिथ यांचा जन्म १९२१ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थचा. त्याआधीच आई-वडिलांचा घटस्फोट झाला होता. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण घेतल्यावर चरितार्थासाठी त्यांनी कॉमिक्सच्या कथा लिहिल्या. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ ही पहिली कादंबरी १९५०ची. तीत रेल्वेत भेटलेला एक अनोळखी प्रवासी दुसऱ्याला सुचवतो, की तुला नकोसे माणूस मी मारतो, माझे तू मार. पुढच्याच वर्षी हिचकॉक यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यातील नायक खून करत नाही. कादंबरीतील गाय मात्र दबावाखाली तो करतोच. सभ्य माणूसही तिथवर जाऊ शकतो, हे लेखिकेचे मर्म पडद्याला पेलले नाही.

दुहेरी आयुष्याची जाण त्यांना अनुभवातून आली असावी. दोन स्त्रियांच्या प्रेमाची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी १९५२ मध्ये ‘क्लेअर मॉर्गन’ या टोपणनावाने आली. तीत खून नाही, पण मागावर असलेला गुप्तहेर आहे. ‘कॅरल’ या शीर्षकाने ती लेखिकेच्या खऱ्या नावावर यायला १९९० साल उजाडले.

१९६३ पासून त्या युरोपातच राहिल्या. गोगलगायी पाळणाऱ्या या एकलकोंड्या लेखिकेच्या मनात ज्यूंविषयी विखारही होता; तो झाकण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे त्यांचे निधन झाले. सुमारे ३० लाख डॉलरची मालमत्ता त्यांनी ‘याडो’ या न्यूयॉर्क राज्यातील कलावंत-निवासाला दिली. पहिल्या कादंबरीचे काम त्यांनी १९४८ मध्ये तिथेच केले होते. रिप्लीवर मात्र त्यांनी १९९१ पर्यंत पाच कादंबऱ्या लिहिल्या, आणि एकीतही तो पोलिसांच्या हाती लागत नाही.