झोताची मोजणी आणि पौर्णिमेचा चंद्र

मी कला शाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. तेव्हा या लेखात काही चूक आढळल्यास विज्ञान शाखेच्या मित्रांनी खुशाल कान धरावा. पण एक हकीकत वाचनात आली आणि ती सांगितल्यावाचून राहवेना.

जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. १९८९ ते २००० या काळात तेथे ‘लेप’ नावाचे त्वरक यंत्र चालत असे. निर्वात नळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत एका दिशेने, पॉझिट्रॉनांचा उलट दिशेने, सेकंदाला अकरा हजारांवर फेऱ्या घेई. दोघांची टक्कर घडवून ‘झेड’ नावाचा कण निर्माण करायचा आणि त्याचे वस्तुमान अचूक ठरवायचे, हे एक मोठे काम होते.

आता असा झोत मोजायचा कसा? त्याच्या वाटेत चकाकणारा पडदा धरला तर ठिपका उमटतो खरा, पण झोतच बिघडतो. दुधात पाणी आहे का हे पाहण्यासाठी सगळे दूध सांडून टाकावे, तशातली गत! म्हणून बहुतेक उपकरणे झोताला स्पर्शच करीत नाहीत. किती कण धावत आहेत हे कळण्यासाठी नळीभोवती ट्रान्सफॉर्मरसारखे कडे बसवतात. झोत म्हणजे वीजप्रवाहच, तो कड्यातून गेला की कड्याच्या तारेत खूण उमटते. झोत नळीच्या मधोमध आहे की कडेला, हे चार धातूची बटणे सांगतात. ज्या बटणाजवळून कणांचा पुंजका जातो त्यावर जास्त विद्युतदाब येतो. लेपमध्ये अशी सुमारे ५०० ठाणी होती.

खरी अडचण ऊर्जेची. झोताच्या ऊर्जेत चूक झाली की झेडच्या वस्तुमानातही तेवढीच चूक शिरणार. यावर युक्ती अशी : इलेक्ट्रॉन भोवऱ्याप्रमाणे फिरतो आणि त्याचा अक्ष डुलतो. एका फेरीत तो किती वेळा डुलतो हे ऊर्जेवर ठरते. झोतावर बारीकसे चुंबकीय हेलकावे द्यायचे. त्यांची लय डुलण्याशी जुळली की एका दिशेने उभे असलेले भोवरे विस्कटतात, आणि लेसरच्या प्रकाशात ते कळते. त्यावरून ऊर्जा निघते.

एवढे करूनही आकडे दिवसागणिक बदलत. का? नोव्हेंबर १९९२ मध्ये, आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमा होती त्या सुमारास, तासन् तास मोजणी केली. ऊर्जा भरती-ओहोटीच्या तालावर वर-खाली होत होती! चंद्र समुद्राप्रमाणे खडकही ओढतो. जिनिव्हाची जमीन सुमारे पाव मीटर वर-खाली होते, आणि २७ किलोमीटरचा घेर जेमतेम एक मिलिमीटरने बदलतो. पण झोताच्या वाटेची लांबी रेडिओलहरींनी बांधलेली असते. त्यामुळे घेर बदलला की झोत चुंबकांच्या मध्यापासून किंचित सरकतो आणि ऊर्जा बदलते. फरक सुमारे १० एमईव्ही, मूळ ऊर्जा ४५,००० एमईव्हीच्या घरात.

चंद्राचा हिशेब लागला, तरी गोंधळ उरलाच. १९९५ साली बोगद्यातील चुंबकांत बसवलेल्या मापकांनी दाखवले, की दिवसभर चुंबकांचे बळ हेलकावे खात किंचित वाढते, मध्यरात्रीनंतर शांत होते आणि पहाटे पुन्हा सुरू होते. एके दिवशी हेलकावे उठलेच नाहीत. त्या दिवशी फ्रेंच रेल्वेचा संप होता! आगगाड्यांचा वीजप्रवाह रुळांतून परतताना थोडा जमिनीत झिरपे आणि लेपच्या धातूच्या नळीतून वाट काढी.

माझे वडील रेल्वेत गँगमन आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यांना हे सांगितले तेव्हा झेड कणाचे त्यांना काहीच वाटले नाही. ‘रुळातला करंट जमिनीत गळतो, हे आम्हांला ठाऊकच आहे. त्या साहेबांनी आधी एखाद्या गँगमनला विचारायचं,’ एवढेच म्हणाले.

चंद्र आणि आगगाडी दोन्ही वजा घातल्यावर झेडचे वस्तुमान ९१,१८७.६ एमईव्ही ठरले. त्यात चुकीला जागा आहे ती २.१ एमईव्हीची.