भाव उतरतो तेव्हा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शिमग्याला पोलादपूरकडच्या एका वाडीतला माझा जुना विद्यार्थी महाडला घरी आला. मुंबईत नोकरी करतो. पावसाआधी घराची कौले बदलायला साठवलेले पैसे क्रिकेटच्या सट्ट्यात गेले होते. म्हणाला, "सर, भाव साठवरून पंचेचाळीसवर आला. आतली बातमी असणार, म्हणून लावले." मी आयुष्यभर गणित शिकवले. त्याला कागदावर हिशेबच मांडून दाखवला. तोच आज सांगतो.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना मटका ठाऊक आहे. त्यात आकडे दहा आणि भाव ठरलेला, एकाला नऊ. क्रिकेटमध्ये मात्र भाव हलतो. जिंकण्याची जास्त शक्यता वाटते त्या संघाचा भाव समजा '६०-६२' आहे. त्या संघावर रुपया लावला आणि तो जिंकला, तर ६० पैसे मिळतात. हरला तर रुपया जातो. ही 'लगाई'. विरुद्ध बाजूचा माणूस 'खाई' करतो. संघ जिंकला तर तो ६२ पैसे देतो, हरला तर रुपया घेतो. मधले दोन पैसे बुकीचे.

भाव हलायला कारणे दोन. एक म्हणजे बातमी: नाणेफेक, पाऊस, दुखापत, पडलेली विकेट. दुसरे म्हणजे पैशाचा ओघ. समजा, लगाई झाली एक लाखाची आणि खाई फक्त वीस हजारांची. संघ जिंकला तर बुकीला ६० हजार द्यायचे आणि १२ हजार ४०० यायचे. मग तो भाव ५०-५२ करतो. लगाईचा मोह कमी होतो, खाई स्वस्त होते आणि दोन्ही पारडी जवळ येतात. मैदानावर एक चेंडूही न पडता भाव उतरला!

आता नवख्याची चूक पाहा. ६० पैशांच्या भावात नुसती बरोबरी साधायला शंभरपैकी जवळजवळ ६३ वेळा जिंकावे लागते, ४५ च्या भावात ६९ वेळा. संघ तोच, पण सौदा महाग झाला. बातमी खरी असली तरी ती भावात आधीच शिरलेली असते. सुरमईचा भाव चढला म्हणून धावत जाऊन घेणाऱ्याला मासळी महागच पडते, ताजी मिळेलच असे नाही.

शिवाय क्रिकेटचा सट्टा आपल्याकडे बेकायदेशीर. मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ चा आहे. त्यात परवानगी आहे ती घोड्यांच्या शर्यतींना, तीही परवान्याच्या अटींवर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. त्यामुळे पैसे बुडाले तर दाद मागायची कुठे?

मुलाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. यंदाच्या पावसात त्याच्या घरावर ताडपत्री आहे. कौलांसाठी पुन्हा पैसे साठवतो आहे.