लवचिक सांध्यांचे दुखणे

हाताचा अंगठा वाकवून मनगटामागे टेकवणारा एखादा मित्र तुमच्या वर्गात असेलच. मधल्या सुट्टीत ही करामत पाहायला मुले गोळा होतात. पण हाच मित्र कवायतीनंतर गुडघे धरून बसला, दोन पाने लिहिताच बोटे दुखतात म्हणू लागला, की आपण त्याला ‘कामचुकार’ ठरवून मोकळे होतो. क्ष-किरण चित्रात तर हाडे निर्दोष दिसतात. मग दुखते ते काय?

उत्तर हाडांत नाही, हाडांना बांधणाऱ्या संयोजी ऊतींत आहे. सांध्यातील अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे असतात. दोरीसारखा तीन साखळ्यांचा पीळ, अशी कोलॅजेनच्या रेणूची रचना असते. तिचा उलगडा १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी केला.

मांडवाच्या दोऱ्या सैल असल्या, तर खांब माणसांनी धरून ठेवावे लागतात. अस्थिबंध सैल असले, की स्नायूंवर हीच पाळी येते. साधे उभे राहतानाही ते राबतात, थकतात आणि दुखतात. सांधा वारंवार मर्यादेबाहेर वाकून बारीक दुखापती होतात. दुखण्याचे संदेश महिनोन् महिने येत राहिले, तर मज्जासंस्थाच हळवी बनते. मग थोडा ताणही असह्य वाटतो.

लवचिकता मोजण्यासाठी डॉ. बायटन व सहकाऱ्यांनी १९७३ साली ९ गुणांची पद्धत मांडली. करंगळ्या, अंगठे, कोपर, गुडघे यांचे प्रत्येकी दोन गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले, तर एक. मात्र अधिक गुण म्हणजे आजार नव्हे. लवचिक सांध्यांच्या कित्येकांना काहीच त्रास होत नाही.

ज्यांना होतो, त्यांतील काहींना एहलर्स-डॅनलॉस हा आनुवंशिक विकार असतो. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार आहेत. पण अतिलवचिक सांध्यांच्या प्रकाराचे जनुक त्यात नोंदलेले नाही. म्हणूनच त्याचे निदान रक्ताच्या तपासणीवर नव्हे, तर रुग्णाच्या तपासणीवर आणि त्याने सांगितलेल्या हकिकतीवर केले जाते.

अशा मुलांनी करामती टाळाव्यात. पण व्यायाम सोडू नये. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू स्नायू बळकट केले, तर सांध्यांना आधार मिळतो. शिक्षकांनी लिहिताना थोडी विश्रांती द्यावी. आणि आपण? ‘दुखते’ म्हणणाऱ्यावर आधी विश्वास ठेवावा.