‘सावकारी पाश’ : नष्ट मूकपटाचा पुरावा

मूकपटांच्या अभ्यासकापुढे एक चमत्कारिक अडचण असते : ज्या कृतीविषयी त्याने लिहावयाचे, ती कृतीच पुष्कळदा त्याच्यासमोर नसते. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी १९२५ साली दिग्दर्शित केलेला ‘सावकारी पाश’ हे याचे ठळक उदाहरण होय. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ ह्या पटापासून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु त्याची प्रत आज उपलब्ध नाही.

कथानक साधे आहे. तरुण शेतकरी (व्ही. शांताराम) लोभी सावकाराच्या (झुंझारराव पवार) तावडीत सापडून जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीतील मजूर होतो. तो निरपराध आहे, तरीही त्याला हद्दपारीसारखीच शिक्षा भोगावी लागते. आणि ती देणारी शक्ती तलवारीची नसून कर्जाच्या व्यवहाराची आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे भडकलेल्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः सावकारांच्या दस्तऐवजांवर होता, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने दस्तऐवजाच्या मागे जाऊन व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. हा कायदा निजामी राज्यातील मराठवाड्यास लागू नव्हता. म्हणून ह्या पटात सरसकट साऱ्या मराठी मुलुखाचे चित्र पाहणे धाडसाचे ठरेल.

पट टिकला नाही, यात नवल कमीच. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि आपोआप कुजणारी. शिवाय १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपट आणल्यावर मूकपटांच्या प्रतींना बाजारात किंमत उरली नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. प्रेक्षकांनीही ह्या पटाला पौराणिक पटांइतका आश्रय दिला नव्हता.

पेंटरांनी १९३६ मध्ये हीच कथा बोलपटात पुन्हा आणली. तिच्यावरून मूळ पटाची कल्पना बांधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अकरा वर्षांत तंत्र बदलले होते, आणि बोलक्या पात्राचा अभिनय मुक्या पात्राच्या अभिनयाचा साक्षी होऊ शकत नाही.

उरतात त्या आठवणी. त्यांत जे. बी. एच. वाडिया यांची विशेष महत्त्वाची. मूकपट त्यांना पुसटसाच आठवत होता; अंधुक प्रकाशात चित्रित केलेली उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे हे त्यांच्या मनात राहिलेले दृश्य बोलपटातील होते.   म्हणून त्या दृश्याच्या छायाप्रकाशावरून मूळ मूकपटाविषयी अनुमान काढता येत नाही.