शर्यतमार्गावरील हौशी मोटारचालन

शर्यतमार्गावरील हौशी मोटारचालन : स्वतःच्या नेहमीच्या वापरातील मोटारगाडी सार्वजनिक रस्त्यापासून अलग राखलेल्या शर्यतमार्गावर, निरीक्षकांच्या देखरेखीखाली व इतरांशी स्पर्धा करण्याचा हेतू न ठेवता वेगाने चालविण्याचा उपक्रम. ज्या दिवशी मार्ग अशा चालकांसाठी खुला ठेवतात, त्या दिवसास ‘ट्रॅक डे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. यात विजेता नसतो, क्रमांक काढीत नाहीत व नवशिक्यांच्या फेऱ्यांची वेळही बहुधा मोजीत नाहीत. आपली गाडी व आपले कौशल्य यांच्या मर्यादा चूक झाली तरी ती महाग पडणार नाही अशा जागी ओळखणे, हा या उपक्रमाचा हेतू होय.

इतिहास : मोटारगाडीच्या प्रारंभीच्या काळात शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरच होत. १९०३ मधील पॅरिस–माद्रिद शर्यतीत चालक व प्रेक्षक मृत्युमुखी पडल्यामुळे ती बॉर्दो येथेच थांबवावी लागली. त्यानंतर वेगासाठी स्वतंत्र जागा असावी हा विचार बळावला. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे १९०७ मध्ये खास मोटारशर्यतींसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग हा मार्ग १९२७ मध्ये तयार झाला. त्याच्या सु. २०·८ किमी. लांबीच्या उत्तर भागावर शुल्क भरून कोणासही आपली गाडी नेता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या शर्यतींसाठी वापरात आल्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. भारतातही मद्रासजवळील शोलावरम्, कलकत्त्याजवळील बराकपूर व मुंबईतील जुहू येथील धावपट्ट्यांवर शर्यती झाल्या.

भारतातील मार्ग : चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथील ३·७१७ किमी. लांबीचा मार्ग १९९० मध्ये सुरू झाला. कोईमतूरजवळील चेट्टिपालयम् येथील कारी मार्ग सु. २·१ किमी. लांबीचा असून तो २००३ मध्ये वापरात आला. उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्ग सु. ५·१ किमी. लांब असून तेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूर येथे ११·३ किमी. लांबीचा अतिवेग मार्ग २०२१ मध्ये कार्यान्वित झाला. तथापि तो मुख्यत्वे वाहननिर्मात्यांच्या चाचण्यांसाठी आहे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅली येथील खाजगी धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगचाचण्या झाल्या असून कोल्हापूर येथे कार्ट या लहान उघड्या गाड्यांसाठी बांधलेला मार्ग आहे. वळणावळणांच्या पूर्ण लांबीच्या मार्गासाठी मात्र महाराष्ट्रातील हौशी चालकास आजवर प्रामुख्याने परराज्यांकडे पहावे लागले आहे.

वेग, ब्रेक आणि वळण : गाडी व रस्ता यांचा संबंध केवळ चार टायरांच्या जमिनीस टेकलेल्या भागांतून येतो. या प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ साधारणतः तळहाताएवढे असते. वेग वाढविणे, तो कमी करणे व वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे घर्षण एवढ्याच जागेतून मिळवावयाचे असते. त्यामुळे ते पूर्णपणे ब्रेक लावण्यात खर्ची पडले, तर वळण्यासाठी काही शिल्लक उरत नाही. म्हणूनच ब्रेक शक्यतो सरळ भागात लावून संपवावा, मग वळावे आणि सुकाणू चाक सरळ होऊ लागल्यावर वेग वाढवावा, असा क्रम नवशिक्यास प्रथम शिकवितात.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्याचा घर्षण गुणांक ०·८ धरल्यास ताशी ६० किमी. वेगाची गाडी ब्रेक लागल्यानंतर सु. १८ मी. अंतरात थांबते; ताशी १२० किमी. वेगास हेच अंतर सु. ७१ मी. होते. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. याखेरीज धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी १२० किमी. वेगाची गाडी तेवढ्या वेळात आणखी ३३ मी. पुढे गेलेली असते.

वळणावर गाडीस आत खेचणारे अभिकेंद्री बल टायरांच्या घर्षणातूनच मिळते. वरील गुणांकानुसार ५० मी. त्रिज्येचे वळण जास्तीत जास्त ताशी सु. ७१ किमी. वेगाने घेता येते. त्रिज्या १०० मी. असल्यास ही मर्यादा ताशी सु. १०१ किमी.पर्यंत जाते. यामुळे कुशल चालक मार्गाच्या बाहेरील कडेने वळणाजवळ येतो, मध्यावर आतील कडेस स्पर्श करतो व पुन्हा बाहेरील कडेकडे जातो. मार्गाची सर्व रुंदी वापरल्याने त्याच्या वाटेची त्रिज्या वाढते. या वाटेस शर्यतरेषा म्हणतात. सार्वजनिक रस्त्यावर समोरून वाहने येत असल्याने अशी रुंदी वापरणे घातक ठरते, हा रस्ता व शर्यतमार्ग यांतील मूलभूत भेद होय.

उष्णतेचे परिणाम : रस्त्यावर उत्तम चालणारी गाडी शर्यतमार्गावर काही फेऱ्यांतच थकते, याचे मुख्य कारण उष्णता होय. १,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या गाडीचा वेग ताशी १२० किमी.वरून ६० किमी.वर आणताना सु. ४·२ लक्ष जूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही सर्व उष्णता १० किग्रॅ. लोखंडी तबकड्यांत गेली असे मानल्यास त्यांचे तापमान एका वेळी सु. ९०° से.ने वाढते. प्रत्येक फेरीत असे अनेक प्रसंग येतात व मध्ये थंड होण्यास थोडाच अवधी मिळतो.

ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही किमान मर्यादा १५५° से. एवढीच आहे. द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ते दाबले जातात. मग पायपट्टी खोल जाते व ब्रेक लागत नाही. जुना द्रव बदलणे हे खर्चाच्या मानाने सर्वांत मोलाचे काम समजले जाते, ते यामुळेच.

टायरातील हवाही तापते. ३०° से. तापमानास ३२ पौंड दाब भरलेल्या टायरातील हवा ७०° से.पर्यंत तापली, तर दाब सु. ३८ पौंड होतो. वाजवीपेक्षा फुगलेल्या टायरची पकड कमी होते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर दाब मोजतात व आवश्यक तेवढी हवा सोडतात. परतीच्या प्रवासापूर्वी टायर थंड झाल्यावर ती पुन्हा भरणे अगत्याचे असते.

पूर्वतयारी : प्रथमच जाणाऱ्याने गाडीच्या शक्तीत वाढ करण्याचे कारण नसते. गाडी निर्दोष असणे पुरेसे होय. ब्रेकच्या गाद्यांची जाडी, द्रव, एंजिनाचे तेल व शीतक, चाकांच्या चक्र्या आणि सुकाणूचे सांधे तपासून घ्यावेत. टायरवर चिरा वा फुगवटे नसावेत. खाचांची खोली किमान कायदेशीर मर्यादेपेक्षा, म्हणजे १·६ मिमी.पेक्षा, पुरेशी अधिक असावी. टायरच्या बाजूवरील चार अंकांच्या संख्येवरून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते, उदा., २३२२ म्हणजे २०२२ सालातील तेविसावा आठवडा. टायरच्या मापापुढील अक्षर वेगमर्यादा दर्शविते : ‘टी’ म्हणजे ताशी १९० किमी., ‘एच’ म्हणजे २१० किमी. उंच बांधणीच्या गाड्यांचा गुरुत्वमध्य वर असल्याने त्या उलटण्याचा संभव अधिक असतो. त्या या कामास योग्य नव्हेत.

गाडीतील पाण्याच्या बाटल्या, पायपुसणी, हत्यारे, सुटी स्टेपनी इ. वस्तू काढून ठेवतात. चालकास शिरस्त्राण, बंद बूट व अंग झाकणारे सुती कपडे आवश्यक असतात. चाके जाम होऊ न देणारी व गाडी घसरण्यापासून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्यास नवशिक्याने ती चालूच ठेवावी.

दिवसाचा क्रम : सकाळी गाडीची तांत्रिक तपासणी होते व त्यानंतर सर्व चालकांस नियम समजावून सांगतात. ही सभा चुकविणाऱ्यास सामान्यतः मार्गावर सोडीत नाहीत. अनुभवानुसार चालकांचे गट पाडतात व प्रत्येक गटास १५ ते २० मिनिटांची सत्रे आळीपाळीने देतात. पुढील गाडीस ओलांडणे केवळ ठरवून दिलेल्या सरळ भागात व पुढील चालकाने खूण केल्यावरच करावयाचे असते.

मार्गालगतचे निरीक्षक निशाणांनी सूचना देतात. पिवळे निशाण धोका दर्शविते. ते दिसताच वेग कमी करावा व कोणासही ओलांडू नये. लाल निशाण सत्र थांबल्याचे, निळे मागून वेगवान गाडी येत असल्याचे, पिवळ्या–लाल पट्ट्यांचे मार्ग निसरडा असल्याचे आणि काळे–पांढरे चौकड्यांचे सत्र संपल्याचे चिन्ह होय. काळे निशाण दाखविलेल्या चालकाने थांब्यावर परत यावे.

पहिले सत्र मार्ग ओळखण्यात घालवावे व शक्य असल्यास शेजारी प्रशिक्षक घ्यावा. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी सावकाश घेऊन ब्रेक थंड होऊ द्यावेत. थांबल्यावर हातब्रेक ओढू नये, कारण तापलेल्या गाद्या तबकडीस चिकटू शकतात. बहुतेक चुका दिवसाच्या अखेरीस, चालक थकलेला व आत्मविश्वास वाढलेला असताना होतात. शेवटचे सत्र सोडून देण्यास अनुभवी चालक कमीपणा मानीत नाहीत.

कायदा व विमा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारवाहनांची शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात संघटित शर्यत व वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे मार्गावर झालेले नुकसान मालकासच सोसावे लागते. ज्या गाडीची मोडतोड परवडणार नाही ती तेथे नेऊ नये, हा नियम यातूनच आला आहे.

मार्गापासून दूरचा चालक : वाशीम जिल्ह्यातील जऊळका (ता. मालेगाव) हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. येथून चेन्नई, कोईमतूर वा नोएडाजवळील मार्ग सु. एक हजार किमी. किंवा त्याहून दूर आहेत. याउलट नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातूनच जातो. ७०१ किमी. लांबीच्या या महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सरळ, रुंद व मोकळ्या अशा या रस्त्यावर मोटारींसाठी सपाट भागात ताशी १२० किमी. मर्यादा आहे. वेगाची हौस असलेल्या तरुणास शर्यतमार्ग दूर व महामार्ग दाराशी, अशी ही स्थिती आहे.

परंतु महामार्ग कितीही उत्तम असला, तरी तेथे निशाण दाखविणारा निरीक्षक, बाजूस गाडी सुरक्षितपणे थांबविणारी वाळू वा टायरांची भिंत आणि सज्ज असलेले बचावपथक यांपैकी काहीच नसते. शिवाय तेथील इतर प्रवाशांनी हा धोका पत्करलेला नसतो. २०२३ मध्ये या महामार्गावर झिजलेले टायर असलेल्या वाहनांना प्रवेश नाकारण्याची मोहीम परिवहन विभागास हाती घ्यावी लागली. शर्यतमार्गावर प्रत्येक गाडीची अशी तपासणी प्रवेशापूर्वीच होते.

जऊळक्यासारख्या गावातील चालकाने प्रारंभ कार्टपासून करणे श्रेयस्कर होय. कार्टमध्ये शर्यतरेषा, ब्रेकची वेळ व टायरची पकड यांचे शिक्षण कमी वेगात व स्वतःची गाडी न झिजविता मिळते. पुढे स्वतःच्या गाडीने शर्यतमार्गावर जाताना, ज्या गाडीने जावयाचे तिनेच हजार किमी. परतावयाचे आहे, हे लक्षात ठेवावे. ब्रेकच्या जादा गाद्या, द्रव व हवेचा दाबमापक बरोबर असावा. परतीचा प्रवास त्याच सायंकाळी न करता विश्रांतीनंतर करावा. विदर्भाच्या उन्हाळ्यात गाडी व चालक दोघांवरही ताण पडत असल्याने हिवाळ्याचे महिने निवडणे सोयीचे ठरते.

वेगासाठी वेगळी जागा राखण्याची कल्पना या प्रदेशास नवी नाही. विदर्भातील शंकरपटात शेतकरी आपली बैलजोडी वाटसरूंच्या रस्त्यावर नव्हे, तर आखलेल्या पटावर धाववितो. २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह अनुमती दिली व मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. तेथेही जागा, नियम व देखरेख यांची अट आहे.

शर्यतमार्गावर ब्रेक निकामी होताना व टायर घसरताना ज्याने अनुभवले आहे, त्यास रस्त्यावर त्या मर्यादेच्या किती अलीकडे थांबावे याची जाणीव येते. हे शिक्षण रस्त्यावरील संयमात उतरले, तरच या छंदाचे सार्थक होते.