व्हॅली ऑफ फायर : लाल खडकांवरची कोरीव चित्रे

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लास व्हेगासपासून सुमारे ८० किलोमीटरवर, मोहावी वाळवंटात व्हॅली ऑफ फायर हे उद्यान आहे. इथला लाल वालुकाश्म जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांपासून बनला. उघड्या खडकावर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचा काळसर थर हळूहळू चढतो. दगडाने ठोकून तो काढला की आतला फिका रंग दिसतो, आणि चित्र उमटते. उद्यानातल्या ॲटलाटल रॉक या खडकावर जिन्याने चढले की ॲटलाटल, म्हणजे भाला फेकण्याची दांडी, कोरलेली दिसते. हे धनुष्यबाणाच्या आधीचे हत्यार. मात्र सर्वांत समृद्ध जागा म्हणजे वळणदार रस्त्यालगतची, माऊसेस टँक या खडकातल्या पाण्याच्या कुंडाकडे जाणारी वाळूची पायवाट. तिथे दोन्ही बाजूंच्या कड्यांवर रानमेंढे, माणसे, नागमोडी रेषा आहेत. चित्रांना हात मुळीच लावू नये. त्वचेच्या तेलकटपणाने ती खराब होतात.