कळा आणि घड्याळ

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावात १२ मार्च १९१३ रोजी एक बाळंतपण अवघड झालं. विठाबाई माहेरी आल्या होत्या. हे त्यांचं पहिलं बाळंतपण नव्हतं. या खेपेला मात्र फार त्रास झाला, जिवाची भीती वाटू लागली. तेव्हा बाळाच्या आजीनं सागरोबाला साकडं घातलं, की माझ्या लेकीला यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवीन. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी ही हकिकत ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्या घटकेला आजीच्या हातात नवसाखेरीज दुसरं काही नव्हतं.

या प्रसंगातली एक गोष्ट आजही तितकीच खरी आहे. आधीची बाळंतपणं नीट झाली म्हणून पुढचं नीट होईलच, असं नसतं. रक्तदाब, सोनोग्राफी, हिमोग्लोबिन अशा तपासण्यांमधून काही धोके आधी कळतात आणि त्या करायलाच हव्यात. पण सगळं ठीक असलेल्या बाईलाही ऐन वेळी अचानक रक्तस्राव होऊ शकतो. दवाखान्यात बाळंतपण करायचं ते यासाठी. तिथं भविष्य कळतं असं नाही. जे होईल त्यावर तिथं मिनिटांत इलाज करता येतो.

बाळाची वाट मुळात अरुंद असते. आईच्या कटीची हाडं वरच्या बाजूला आडवी रुंद असतात आणि खालच्या तोंडाशी पुढून मागे. म्हणून बाळाला उतरता उतरता डोकं वळवावं लागतं. हनुवटी छातीला टेकवून ते वळतं, तेव्हा त्याच्या डोक्याचा सर्वात लहान व्यास, साधारण साडेनऊ सेंटिमीटर, पुढे येतो. कवटीची हाडं अजून जुळलेली नसल्यामुळे ती एकमेकांवर थोडी सरकतात. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. बाळ आडवं असेल, कपाळ पुढे आलं असेल, कटी लहान असेल, तर कळा कितीही जोराच्या आल्या तरी बाळ पुढे सरकत नाही. आपल्याकडे याला बाई अडली म्हणतात. लहानपणी पोटभर न खाल्लेल्या आणि वाढ पुरी होण्याआधीच लग्न लावून दिलेल्या मुलींची कटी लहान राहते. अडण्याचं एक कारण असं वीस वर्षं आधीच घरात तयार झालेलं असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कळा येतात त्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक असतं. बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर दाबलं गेलं की मेंदूकडे संदेश जातो, मेंदू आणखी ऑक्सिटोसिन सोडतो, कळ वाढते, डोकं आणखी दाबलं जातं. शरीरातल्या बहुतेक यंत्रणा वाढलेलं काही कमी करायला बघतात. इथं उलट आहे, बाळ बाहेर येईपर्यंत जोर चढतच जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांना १९०६ मध्ये लंडनमध्ये आढळलं. देवराष्ट्र्यातल्या त्या प्रसंगाच्या सातच वर्षं आधी. हेच संप्रेरक प्रयोगशाळेत बनवायला १९५३ साल उजाडलं आणि ते बनवणाऱ्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कळा नीट पुढे चालल्या आहेत की नाहीत, हे पाहायला एक साधा कागद आहे, पार्टोग्राफ. त्यावर पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके किती, कळा किती, आईची नाडी आणि रक्तदाब किती, हे वेळेच्या पुढे मांडत जायचं. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, त्यावर दोन तिरप्या रेघा ओढल्या. पहिली सावध करणारी, दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, कृती करायला लावणारी. दूरच्या छोट्या केंद्रातल्या परिचारिकेनं पहिली रेघ ओलांडली जाताच बाईला मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करायचं, म्हणजे दुसरी रेघ येण्याआधी ती तिथं पोहोचलेली असेल. रस्त्याचा वेळ धरून ही आकृती आखली होती. पुढे पहिल्या रेघेत धरलेला दर तासाला एक सेंटिमीटर हा वेग प्रत्येकीला लागू पडत नाही असं दिसलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये नवी मार्गदर्शिका आणली. तीत जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून मोजतात. त्यामुळे नुसत्या उशिराच्या भीतीनं होणारी सीझर टळू शकतात. महाराष्ट्रात दर चारातलं एक बाळंतपण सीझरनं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २५.४ टक्के आहे. बाई खरोखर अडली असेल तर सीझर दोन जीव वाचवतं, तिथं घरच्यांनी सह्यांना अडून बसू नये. पण ‘किती वाट पाहायची’ म्हणून सीझर मागणं किंवा सुचवणं, दोन्ही चुकीचं आहे.

आता रक्ताकडे येऊ, कारण आईचा खरा धोका बहुधा बाळ झाल्यानंतर येतो. बाळाचं रडणं ऐकून बाहेर पेढे वाटले जात असतात, त्याच वेळी. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असतं. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना बंद करतं ते पिशवीचं स्नायूंचं आवरण. तिथले तंतू एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात. पिशवी आकसली की ओलं कापड पिळल्यासारख्या त्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात. पिशवी मऊ राहिली तर रक्त थांबत नाही. उपचाराविना असा रक्तस्राव साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो. अडलेल्या बाईच्या बाबतीत हा हिशोब दिवसांत असतो, इथं तासांत. आधीच अंगात रक्त कमी असलेली बाई तेवढाही तग धरत नाही. आणि राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे.

म्हणून बाळ बाहेर आल्याबरोबर, एका मिनिटाच्या आत, आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते टेबलावर राहिलं तर बाटलीत औषध दिसतं, पण त्यातला जोर कमी झालेला असतो. लेबर रूममधला फ्रीज चालू आहे ना, वीज गेल्यावर काय करतात, हे सरपंचांनी आणि रुग्ण कल्याण समितीनं विचारावं असे प्रश्न आहेत. आणि एक इशारा. बाळ व्हायच्या आधी, लवकर मोकळी व्हावी म्हणून घरी कुणी हेच ‘कळांचं इंजेक्शन’ टोचत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. वाट अडलेली असताना कळा वाढवल्या तर गर्भपिशवी फाटू शकते.

फ्रीज नसेल तिथं काय, याचं एक चांगलं उत्तर आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातून आलं. २००२ ते २००५ या काळात तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर १,६२० बायकांवर अभ्यास केला. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात झाली, करणाऱ्या सहायक परिचारिका होत्या. निम्म्या बायकांना बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना बिनऔषधाच्या. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध छापून आला आणि जगभर गाजला. ऑक्सिटोसिन मिळत असेल तर तेच पहिली पसंती, पण ते नसेल तिथं या गोळ्यांनी अनेक जीव वाचवले आहेत.

त्याच अभ्यासात रक्त मोजायला खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरली होती, बाईच्या खाली पसरायची. चादरीत, कापडात मुरलेलं रक्त नजरेनं कमीच भरतं. एका वेगळ्या तुलनेत पिशवीतल्या मोजणीपेक्षा डोळ्यांचा अंदाज एक तृतीयांशानं कमी निघाला. अंदाज चुकला की इलाज उशिरा सुरू होतो. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ऐंशी रुग्णालयांत अशीच पिशवी आणि सोबत पोट चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळे उपचार एकदम सुरू करायची शिस्त लावून पाहिली. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. एका प्लॅस्टिकच्या पिशवीनं आणि ठरवून दिलेल्या क्रमानं एवढं साधतं, तर ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात का नसावी?

बाळाचं घड्याळ आणखी लहान, एका मिनिटाचं. पोटात त्याची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. पहिल्या श्वासांबरोबर ते पाणी शोषलं जातं, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि हृदयातलं झडपेसारखं छिद्र मिटायला लागतं. बहुतेक बाळं हे आपापलं करतात. दहातल्या एखाद्याला पुसून, पाठ चोळून जागं करावं लागतं. काहींना पिशवी-मास्कनं हवा द्यावी लागते. हे शिकलेले हात त्या मिनिटाला खोलीत असायला हवेत. नाळ कापायला मात्र घाई नको. एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं ऐंशी ते शंभर मिलिलिटर रक्त बाळाला मिळतं, आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. मग बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं कापड, आणि तासाभरात चीकदूध. मधाचं बोट नको, गुटी नको.

कडेगावात आज ग्रामीण रुग्णालय आहे. भूलतज्ज्ञ आणि रक्त लागलं तर कराड-विटा रस्त्यानं कराड तासाभराच्या आत आहे. तिथलं उपजिल्हा रुग्णालय यशवंतरावांच्या पत्नी वेणूताई चव्हाणांच्या नावाचं. राज्यात १०८ रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, आणि सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, रक्त, जेवण, ने-आण सगळं मोफत मिळण्याचा हक्क २०११ पासून आहे. २०१९-२१ च्या पाहणीनुसार राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता.

मागे राहिलेल्या पाच टक्क्यांत कोण आहे, हे आपल्या शिवारात फिरलं की कळतं. गळीत हंगामात वांगीच्या सोनहिरा कारखान्याच्या परिसरात आणि आसपासच्या फडांत बीडकडच्या, जतकडच्या टोळ्या उतरतात. पहाटे मोळ्या डोक्यावर घेणाऱ्या बायकांत दिवस भरत आलेल्याही असतात. त्यांची नोंद गावाकडे, कार्ड गावाकडे, इथली आशाताई त्यांना ओळखत नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत गेलेल्या इथल्या घरांतल्या सुना उलट बाजूनं तेच भोगतात; तपासण्या तिकडे, आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणासाठी कडेगावला. दोघींसाठीही करण्याजोगं काम सारखंच आहे. तपासणीचे कागद सोबत असावेत आणि आल्याच्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात नाव नोंदवलं जावं. टोळीच्या बाबतीत हे मुकादमानं आणि कारखान्याच्या शेती विभागानं बघावं, कारण उचल दिली त्या दिवसापासून ती माणसं त्यांच्या भरवशावर आलेली असतात.

बाळंतीण घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं उभी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पण दवाखान्यातून तिसऱ्या दिवसाच्या आत घरी यायची घाई करू नये. निदान ४८ तास तिथंच राहावं. तासाला एकाहून जास्त पॅड भिजत असेल, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा त्याचे पाय गार लागत असतील, तर आशाताईच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता रात्री असेल तरी १०८ ला फोन करावा.